तान्ह्या बाळाला ऑफिसात नेताना: परवानगीपासून पाळणाघरापर्यंत

बाळाला सोबत घेऊन नोकरी करता येते, पण फार थोडे महिने. बाळ साधारण तीन महिन्यांचं झाल्यापासून ते पोटावर सरकायला लागेपर्यंत हे जमतं. त्याआधी बाळ आणि बाळंतीण दोघंही सावरलेली नसतात. त्यानंतर बाळ एका जागी राहत नाही, आणि ऑफिसच्या जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड, स्टेपलरच्या पिना, रबरबँड आणि चाकांच्या खुर्च्या असतात. म्हणून नियोजन शेवटाकडून करावं. बाळ कोणत्या तारखेपर्यंत ऑफिसात येणार आणि त्यानंतर दिवसभर कुठे राहणार, हे आधी लिहून काढा. ज्यांच्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसतं, त्यांची व्यवस्था सातव्या-आठव्या महिन्यात एकदम कोसळते आणि मग नोकरीच सोडायची वेळ येते.

तारखांचं गणित

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा, २६ आठवड्यांची दुरुस्ती २०१७ ची. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही याच तरतुदी आहेत. या २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं.

आता हिशेब करा. ज्यांनी आठ आठवडे आधीच घेतले, त्या कामावर परततात तेव्हा बाळ चार महिन्यांच्या थोडं पुढे असतं. त्यांना सोबत नेण्यासाठी तीनेक महिने मिळतात, आणि ते उपयोगी पडतात. ज्यांनी जवळजवळ सगळी रजा बाळंतपणानंतर घेतली, त्यांचं बाळ तेव्हा सहा महिन्यांचं असतं. ते बसू पाहतं, वरचं अन्न सुरू होतं आणि महिन्या-दीड महिन्यात सरकायला लागतं. त्यांना आमचा स्पष्ट सल्ला असा की या खटाटोपात पडू नका, तीच मेहनत पाळणाघर शोधण्यावर घाला. दोनांहून अधिक अपत्यं असतील तर रजा १२ आठवड्यांची, त्यातले ६ आधी घेता येतात. म्हणजे बाळ दीड महिन्याचं असतानाच हजर व्हावं लागू शकतं. खरी गरज त्यांना, दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसात काम करणाऱ्यांना आणि कंत्राटावर असलेल्यांना असते.

आणखी एक वाट विसरू नका. रजा संपल्यावर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, मालकाशी परस्पर संमतीनं घरून काम करण्याची मुभा कायद्यातच नमूद आहे. तीन दिवस घरून आणि दोन दिवस बाळासह ऑफिस, ही विभागणी पाचही दिवस नेण्यापेक्षा कितीतरी टिकाऊ ठरते.

कोणत्या कामाच्या जागी बाळ न्यायचंच नाही

रसायनांची प्रयोगशाळा, छापखाना, कारखान्याचा कामाचा भाग, दवाखान्याची ओपीडी, धूळ उडणारं रेकॉर्ड रूम, बँकेचा रोख काउंटर, दिवसभर हेडफोन लावून बोलायचं असलेलं कॉल सेंटर. पहिल्या पाचांत बाळाच्या तब्येतीला धोका आहे, शेवटच्या दोनांत काम होणार नाही. चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस, वास्तुविशारदाची फर्म, संस्थेचं कार्यालय, संपादन-अनुवाद, लेखाविभाग, डिझाइन अशा ठिकाणी जमतं, कारण तिथलं काम तुकड्यातुकड्यांनी करता येतं. त्यातही मार्च अखेर किंवा आयकर विवरणपत्रांचा हंगाम सुरू असताना सुरुवात करू नये.

परवानगी लेखी घ्या

साहेब तोंडी ‘हो, आणा की’ म्हणतात आणि ते मनापासूनच असतं. पण तीन आठवड्यांनी साहेबांची बदली होते, किंवा इमारतीचा मालक सुरक्षारक्षकामार्फत निरोप पाठवतो, तेव्हा हातात कागद लागतो. लहान ऑफिसात व्हॉट्सअ‍ॅपवरचा सविस्तर मेसेज आणि त्यावरचा ‘मान्य’ एवढंही चालतं. मजकुरात या गोष्टी असाव्यात: सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे कोणते वार आणि किती ते किती, बाळ कुठे झोपणार, दूध कुठे पाजणार, कोणत्या भागात बाळ जाणार नाही, तुम्ही गुंतलेल्या असताना बाळाकडे कोण पाहणार त्या दोघांची नावं, आणि बाळ केव्हा घरी जाणार.

हे शेवटचं कलम तुम्हीच घाला. आजारी असेल तर येणार नाही, आणि समजूत घालूनही वीस मिनिटांत रडणं थांबलं नाही तर त्या दिवशी अर्ध्या रजेवर जाईन, असं आधीच लिहून दिलं की नाराज सहकाऱ्यांचा निम्मा आक्षेप तिथेच संपतो. आयटी पार्कात प्रवेशपत्राशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत. बाळाच्या नावानं आणि सोबत येणाऱ्या माणसाच्या नावानं पास आधीच काढून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवसाची सकाळ फाटकावर जाते.

परवानगी बाबांनाही मागता येते, हे सांगावं लागतं कारण कुणी मागत नाही. आई सोमवार-बुधवार नेत असेल आणि बाबा शुक्रवारी, तर दोन्ही ऑफिसांवरचा भार हलका होतो. बाबांसोबत काढून ठेवलेलं दूध द्यावं लागतं, त्याची पद्धत पुढे दिली आहे.

दुसरा माणूस ठरल्याशिवाय निघू नका

ही व्यवस्था मोडते ती बहुतेक वेळा याच जागी. आईला शौचालयात जायचं असतं, दहा मिनिटांचा फोन येतो, वरिष्ठ अचानक आत बोलावतात. तेव्हा बाळ कुणाच्या हातात द्यायचं हे त्या क्षणी शोधत बसलं तर रोज वेगळा माणूस, रोज वेगळा हात, आणि दर वेळी उपकाराचं ओझं. दोन सहकाऱ्यांना आधी विचारा, त्यांचा होकार त्यांच्या वरिष्ठांना कळवा, आणि त्यांच्यावर दिवसाला मिळून अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त वेळ टाकू नका. मोठी मीटिंग असेल त्या दिवशी घरचं माणूस बोलवावं. आजी, आत्या किंवा पगारी बाई त्या दोन-तीन तासांपुरती आली तरी पुरते.

ऑफिसातल्या मावशींना किंवा शिपायाला गृहीत धरू नका. त्या प्रेमानं घेतात, नाही म्हणणं त्यांना अवघड असतं, आणि तेवढ्यात त्यांचं रोजचं काम राहून त्यांनाच बोलणी बसतात. त्यांच्याकडून नियमित मदत हवी असेल तर ती कामाच्या वेळेबाहेर, ठरवून आणि पैसे देऊन घ्यावी. तसंच हाताशी असलेली प्रत्येक स्त्री सहकारी म्हणजे आपोआप सांभाळणारी, असंही नसतं. अनेकींना बाळ घ्यायला आवडत नाही, आणि त्यात काही वावगं नाही.

ज्या दोघांनी होकार दिला त्यांना तीन गोष्टी प्रत्यक्ष दाखवा: मान आणि डोकं धरून कसं उचलायचं, दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर कसा काढायचा, आणि तुम्हाला न विचारता बाळाला काहीही भरवायचं नाही. तिसरी गोष्ट सर्वांना सांगा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, घुट्टी नाही, मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही. पगारवाढीच्या पेढ्याचा कण चाटवणारे एक काका प्रत्येक ऑफिसात असतात. त्यांना पहिल्याच दिवशी हसत सांगून टाकावं.

जागा कशी निवडायची

टेबल भिंतीच्या कडेला, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवं. फोटोकॉपी मशीन आणि मोठ्या प्रिंटरशेजारी नको, तिथे गरम हवा, टोनरची भुकटी आणि सतत माणसं असतात. एसीचा झोत थेट बाळावर येतो का ते पाहायला सोपी युक्ती: बाळ झोपेल त्या जागी टिश्यू पेपरची पट्टी धरा, ती फडफडली तर जागा बदला. तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवायला सांगा. डोक्यावर थेट ट्यूबलाइट नको, उताणं झोपलेलं बाळ तिच्याकडे टक लावून पाहत राहतं आणि झोपत नाही.

झोपण्यासाठी घडीचा पाळणा किंवा कडा असलेली हलकी खाट घ्या. चाकं असतील तर लॉक होणारी. गादी सपाट आणि घट्ट, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, बाकी काही नाही. घरी वापरतात ती मोहरीची उशी, गोधडीच्या गुंडाळ्या आणि मऊ खेळणी झोपेच्या जागेत ठेवू नयेत, त्यांनी नाक-तोंड दबण्याचा धोका असतो. बाळ उताणंच झोपवायचं. झोपेत टोपडंही नको. थंडी वाटते म्हणून अंगावर झबलं आणि वरून एक पूर्ण बाह्यांचा सुती कपडा पुरेसा असतो. मान आणि पाठ घामेजली असेल तर एक थर काढा. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, लहान बाळांचे हातपाय तसेही गार लागतात.

जिथे बाळ कधीही ठेवायचं नाही त्या जागा: टेबल, खुर्ची, सोफा, दोन खुर्च्या जोडून केलेलं बिछान्यासारखं काही. चौथ्या महिन्याच्या आसपास बाळ पहिल्यांदा कुशीवर वळतं, आणि ते कधी वळणार याची आगाऊ सूचना देत नाही. ‘एकच मिनिट’ टेबलावर ठेवलेलं बाळ पडतं ते याच मिनिटात. छताच्या हुकाला साडीची झोळी बांधायचा मोह जुन्या इमारतींत होतो. तो हुक पंख्यासाठी आहे की आणखी कशासाठी, किती वजन पेलतो, हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा नको.

डासांसाठी छत्रीसारखी उघडणारी लहान मच्छरदाणी आणा. ऑफिसात लावलेली कॉइल किंवा रिफिल बाळाजवळ नको. टेबलाखालच्या वायरी बांधून घ्या, सॅनिटायझर, व्हाइटनर, पिना आणि बटणासारख्या बॅटऱ्या खणात बंद करा. बाळ रांगत नसलं तरी मांडीवरून हात लांब करून पकडायला चौथ्या महिन्यात शिकतं.

दूध पाजायला वेगळी खोली मागा. आपल्याकडे ती हिरकणी कक्ष म्हणून ओळखली जाते, एसटी स्थानकांमुळे हे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण पाटी लावली म्हणजे कक्ष झाला असं नसतं. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज आहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईत विधानभवनातल्या हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांनाच तक्रार करावी लागली. त्यामुळे हजर व्हायच्या आठवडाभर आधी जाऊन खोली स्वतः पाहा. आतून कडी, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, एक प्लग, पंखा, झाकणाचा डबा, आणि जवळच हात धुण्याची सोय एवढं असलं की पुरे. जुन्या फाइलींचे गठ्ठे हलवून फरशी पुसून घ्यायला सांगा. खोली नसेल तर एखादी केबिन दिवसातून चार ठरलेल्या वेळी मिळावी असं लिहून घ्या. शौचालय हा पर्याय नाही, मग ते कितीही स्वच्छ असो.

दूध: अंगावर पाजणं आणि काढून ठेवणं

चार महिन्यांचं बाळ दिवसा दर दोन-तीन तासांनी पितं, म्हणजे ऑफिसच्या आठ तासांत तीन-चार वेळा. प्रत्येक वेळेला ढेकरासह वीस ते तीस मिनिटं धरा. जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त स्तनपानासाठी दिवसातून दोन वेळा मधली सुट्टी घेण्याचा हक्क बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कायद्यानं आहे. त्या सुट्ट्या मागायला संकोच करू नका. पुढून उघडणारा कुडता आणि मोठी सुती ओढणी, एवढ्यावर बहुतेकींचं भागतं.

बाळ दुसऱ्या कुणाकडे असणार असेल तर दूध काढून ठेवा. हात साबणानं धुऊन, उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं. पण पंखा बंद असलेल्या एप्रिल-मेच्या खोलीत पारा त्याहून बराच वर असतो, तेव्हा काढल्या काढल्या फ्रिजमध्ये ठेवावं. चांगल्या फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. दारातल्या कप्प्यात नको, दार सारखं उघडतं आणि तापमान वरखाली होतं. मागच्या बाजूला, डब्यात, वर तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी लावून ठेवा. चिठ्ठी नसेल तर कुणीतरी ते चहात ओतेल, ही भीती अगदीच काल्पनिक नाही. प्रवासात बर्फाच्या पाकिटांसह थंड पिशवीत २४ तासांपर्यंत चालतं.

देताना भांडं कोमट पाण्यात धरून गरम करा. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध असमान तापतं आणि मधला एखादा भाग जीभ पोळेल इतका गरम होतो. बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं पाजणं बाटलीपेक्षा बरं: धुवायला सोपं, आणि बाळ बाटलीची सवय लागून अंगावर प्यायला कुरकुरत नाही. उष्टं राहिलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचं. वाटी-चमचे घरीच दहा मिनिटं उकळून कोरड्या झाकणाच्या डब्यात आणा. पॅन्ट्रीच्या बेसिनमधला स्पंज त्यांना लावू नका.

पिशवीत काय

आठ तासांसाठी:
- डायपर ६ (चार-पाच लागतात, बाकी राखीव). लंगोट वापरत असाल तर १० आणि जाड तुकडे
- बाळाचे कपडे ३ जोड, दुपटी ३, मेणकापड २
- मऊ सुती कापडाचे तुकडे १०-१२ आणि पाण्याची छोटी बाटली
- बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशव्या ६, जुनी वर्तमानपत्रं
- बोंडलं किंवा वाटी-चमच्याचे दोन संच, थर्मासात गरम पाणी
- थर्मामीटर, लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये
- न वाजणारी दोन खेळणी
- आईसाठी एक जादा कुडता, दीड-दोन लिटर पाणी, डिंकाचा लाडू किंवा खारीक-शेंगदाणे

आईचा जादा कुडता सगळे विसरतात. बाळानं खांद्यावर दूध काढलं की अंगावरचा कुडता दिवसभर वास मारतो आणि तेवढ्यासाठी घरी जावं लागतं.

डायपर बदलायला मेणकापड पसरून हिरकणी कक्षातली जमीन वापरा. आपलं टेबल नको, पॅन्ट्रीचा ओटा तर नकोच. वापरलेला डायपर गुंडाळून वर्तमानपत्रात बांधा, पुण्यात त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, आणि तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळा द्या. केबिनमधल्या कागदाच्या टोपलीत टाकलेला एक डायपर तुमच्याविरुद्ध जेवढं मत तयार करतो तेवढं तासभर रडणंही करत नाही.

येणं-जाणं

दुचाकीवर बाळ नेऊ नका, मधे धरूनही नाही. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेट आणि बांधायचा पट्टा नियमानं लागतो, आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. त्याहून लहान बाळाची मान हेल्मेटचं वजन पेलत नाही. मोटारीत मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची बाळाची खुर्ची. पुढच्या सीटवर मांडीवर कधीच नाही. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी जाणं म्हणजे बाळाला आणि स्वतःला छळणं आहे. वेळ बदलून घेता येत नसेल तर ही योजनाच रद्द करा. रिक्षात मधोमध बसा आणि बाळ छातीशी बांधलेल्या कॅरियरमध्ये ठेवा.

कॅरियर किंवा कापडी झोळी बांधताना बाळाची हनुवटी छातीला टेकता कामा नये, नाक-तोंड तुम्हाला दिसायला हवं, डोकं तुमचे ओठ टेकतील इतकं वर हवं, आणि गुडघे बुडापेक्षा थोडे वर. पावसाळ्यात वरून प्लास्टिक ओढून चेहरा झाकू नका. बाळ अंगाला बांधलेलं असताना चहा पिऊ नका, दुसऱ्याच्या हातातला गरम कपही हातभर लांब ठेवायला सांगा. विदर्भात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायचंच असेल तर त्या महिन्यापुरतं घरून काम मागणं शहाणपणाचं.

काम तीन ढिगांत वाटा

या वयाचं बाळ एका वेळी दीड-दोन तास जागं राहतं आणि दिवसभरात तीन-चार डुलक्या काढतं, एखादी अर्ध्या तासाची, एखादी दीड तासाची. म्हणजे आठ तासांत शांतपणे डोकं घालून करायचं काम साधारण तीन तासांचं होतं. हे आधी मान्य करा, वरिष्ठांनाही सांगा.

रोज सकाळी कामं तीन ढिगांत टाका. पहिला ढीग बाळ झोपलेलं असतानाचा: हिशेब तपासणं, मसुदा लिहिणं, चूक परवडणार नाही असं सगळं. दुसरा ढीग बाळ मांडीवर किंवा झोळीत असतानाचा: ईमेलला उत्तरं, वाचन, फाइली लावणं, आपला माइक बंद ठेवून नुसती ऐकायची मीटिंग. तिसरा ढीग बाळ दुसऱ्याकडे असतानाचा: ग्राहकाशी बोलणं, सादरीकरण, सही-शिक्क्याची कामं. बाळ झोपलं की आधी ईमेल उघडणं ही नेहमीची चूक. तीस मिनिटं त्यात जातात आणि पहिला ढीग तसाच राहतो. डुलकी सुरू झाली की फोन सायलेंट, पहिल्या ढिगातलं वरचं काम.

वेळ जमल्यास साडेआठ ते साडेतीन अशी मागून घ्या. चारनंतर बहुतेक बाळं किरकिरतात. दिवसभराचे आवाज, चेहरे, उजेड यांचा शीण साचलेला असतो, आणि तेव्हाच ऑफिसात दिवसाअखेरची धावपळ असते. दोन्ही एकत्र आले की कुणाचंच भलं होत नाही.

सहकाऱ्यांशी

पहिल्या आठवड्यात बाळ हातोहात फिरतं. सर्वांना आनंद होतो, बाळालाही होतो, आणि मग दमलेलं बाळ झोपायचं विसरतं व दुपारी अखंड रडतं. डोळे चोळणं, नजर वळवणं, जांभई दिसली की बाळ कुणाच्याही हातात द्यायचं नाही, हा नियम घाला. गालाचे पापे कुणी घ्यायचे नाहीत. लाड करायचे तर हात धुऊन पायांचे. सर्दी-खोकला असलेल्यांनी लांबूनच बोलायचं. फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे का, हेही आधीच सांगा.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मात्र वेगळं, एकट्याला विचारा: त्रास होतो का, जागा बदलून हवी का. सर्वांसमोर विचारलं तर कुणी खरं सांगत नाही. हे विचारताना लक्षात असू द्या की एखाद्याच्या घरी मूल नसण्याचं दुःख असू शकतं. तिथे कारण विचारत बसू नये, फक्त जागा बदलावी.

लस आणि आजारपण

सहा आठवड्यांच्या लसी होण्याआधी ऑफिस नकोच. १४ आठवड्यांचा डोस झाल्यावर सुरू करता आलं तर उत्तम. लस टोचल्यावर ताप, किरकिर येऊ शकते, म्हणून लसीचा आणि त्यापुढचा दिवस घरी राहा. ताप १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सियस) किंवा जास्त असेल, जुलाब-उलटी असेल, डोळे आले असतील तर नेऊ नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला एवढा ताप असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. ऑफिसात असताना कळलं तर लागेल म्हणून जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि पत्ता दोघा मदतनीसांकडेही असू द्या. आगीची घंटा वाजली तर पिशवी, लॅपटॉप सगळं सोडून बाळाला झोळीत घेऊन जिन्यानं उतरायचं. त्यासाठी झोळी नेहमी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली असावी.

पहिले दोन आठवडे

आधी घरी तालीम करा. ऑफिसात न्यायचा तो पाळणा आठवडाभर घरीच झोपण्यासाठी वापरा, म्हणजे नव्या जागी निदान बिछान्याचा वास ओळखीचा राहतो. मग एक अर्धा दिवस, जेवणाच्या सुट्टीपर्यंतच. हजर होण्याचा दिवस बुधवार निवडा: तीन दिवसांनी सुट्टी येते, चुका सुधारायला दोन दिवस मिळतात. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड न्या. चौथा-पाचवा दिवस पहिल्यापेक्षा वाईट गेला तर दचकू नका. पहिल्या दिवशी बाळ नवलाईत गप्प असतं, खरं वागणं नंतर सुरू होतं. दोन आठवड्यांनी वरिष्ठांसोबत पंधरा मिनिटं बसून चाललं आहे का ते विचारा. सलग तीन दिवस पहिल्या ढिगातलं काम शून्य झालं असेल तर वेळ किंवा वार कमी करा. बाळाला शिस्त लावून ते सुधारणार नाही.

पाळणाघराकडे

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय द्यायची असते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. ही संख्या सर्व कर्मचाऱ्यांची, फक्त स्त्रियांची नव्हे; मनुष्यबळ विभागाकडून ‘आमच्याकडे बायका कमी आहेत’ असं उत्तर आलं तर हे दाखवा. कारखान्यांसाठी मात्र १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून अधिक स्त्री कामगारांची अट होती. दोन-चार लहान ऑफिसं मिळून जवळच्या खासगी पाळणाघराशी करार करू शकतात.

बाळ पोटावर फिरायला लागलं, म्हणजे बहुतेकदा सहाव्या-सातव्या महिन्यात, की हालचाल सुरू करा. रांगण्याची वाट पाहू नका. बाळ आठव्या महिन्याच्या सुमारास अनोळखी माणसांना घाबरू लागतं, त्याआधी पाळणाघराच्या मावशी ओळखीच्या झालेल्या बऱ्या. पहिले दोन दिवस तासभर, तेही तुम्ही तिथेच बसून. पुढचे तीन दिवस तासभर तुमच्याशिवाय. मग एक डुलकी तिथे, मग एक जेवण तिथे, आणि उरलेला वेळ तुमच्याजवळ. पूर्ण दिवसावर यायला दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणून ऑफिसच्या परवानगीतली शेवटची तारीख तेवढी पुढची ठेवलेली असावी. मऊ भात-मूगडाळ, नाचणीचं सत्त्व असं वरचं अन्न घरी किमान आठवडाभर खाऊन झालेलं असेल तेच डब्यात द्या, म्हणजे काही बाधलं तर नेमकं कशानं ते कळतं. प्रत्येक कपड्यावर, वाटीवर आणि दुधाच्या भांड्यावर नाव घाला. चार भेटींच्या वेळा मावशींना लिहून द्या आणि त्या पाळा. ठरल्या वेळेला आधी-नंतर गेलात तर नुकतं झोपलेलं बाळ तुमच्या आवाजानं उठतं.